एक ग्रॅम सोनं, अर्धा चौरस मीटर

लग्नसराईत मुंबईच्या भुलेश्वरमध्ये शिरलं, की ठुशी, तन्मणी, मोहनमाळ, नथी, सगळं काचेमागे ओळीनं लटकताना दिसतं. खऱ्या सोन्याच्या मानानं किंमत अगदी मामुली. हा नकली दागिन्यांचा माल येतो कुठून? मुंबईतलं मालाड, गुजरातेतलं राजकोट, आंध्रातल्या मछलीपट्टणमजवळचं चिलकलपुडी ही या धंद्याची मोठी ठिकाणं.

पडद्यावर दिसतायत त्या रबराच्या दोन जाड चकत्या. कारागिरानं हातानं घडवलेल्या एका पेंडंटचे नमुने मध्याभोवती गोलाकार मांडायचे, वरून दुसरी चकती ठेवायची आणि तापलेल्या प्रेसमध्ये दाबायचं. रबर पक्कं होतं, नक्षीची रेघन्‌रेघ त्यात उतरते. मग हा साचा यंत्रावर गरगर फिरवतात आणि मधल्या भोकातून कथिलाचा वितळलेला मिश्रधातू ओततात. फिरण्याच्या जोरानं धातू कडेकडे धावतो आणि एकेका नक्षीत शिरतो. थोड्याच वेळात चकत्या उघडल्या, की पेंडंटं लागलेलं एक अख्खं चाक बाहेर येतं. ती मोडून सुटी करायची, पुन्हा ओतायचं.

इथे कथीलच का? ते 232 अंश सेल्सिअसला वितळतं, म्हणून रबर टिकतं. पितळ वितळायला 900 अंशांच्या वर जावं लागतं, त्यात हा साचा जळून जाईल. त्यामुळे पितळेचे दागिने बहुतेक पत्र्यातून निघतात. पोलादी डाय, म्हणजे नक्षी कोरलेला ठसा, वरून प्रेसचा दणका, आणि पत्र्यावर फूल उमटतं. मग झाळणं, घासणं, चकाकी आणणं. धुळीचं, आवाजाचं काम आहे हे, आणि तयार दागिन्यात त्याची खूण उरत नाही.

आता मुलामा. तारेला टांगलेले दागिने आधी तेलकटपणा जाईपर्यंत धुतात. मग विजेच्या ऋण टोकाला जोडून एकेका टाकीत बुडवतात: तांबं, मग निकेल, शेवटी सोनं. स्वस्त मालाला सोन्याच्या टाकीत काही सेकंदच मिळतात.

थर किती? हिशेब करून पाहू. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. 0.1 मायक्रॉनचा थर धरला, तर एक ग्रॅम सोनं अर्ध्या चौरस मीटरहून जास्त जागा झाकतं. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो. म्हणजे ‘एक ग्रॅम सोन्याचा’ म्हणून घेतलेल्या अशा हारावर सोनं मिलिग्रॅममध्येच असतं. घाम, अत्तर आणि रोजची घासाघीस यांनी एवढासा थर झिजतो, खालचा धातू उघडा पडतो आणि दागिना काळवंडतो.

निकेलचा थर कामाचा असतो. खालचं तांबं सोन्यातून वर येऊ नये म्हणून तो आडवा उभा राहतो. पण याच निकेलनं अनेकांच्या कानाला, मानेला खाज सुटते, पुरळ येतं. युरोपीय संघात अंगाला सतत लागणाऱ्या दागिन्यातून आठवड्याला दर चौरस सेंटिमीटरमागे 0.5 मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त निकेल सुटता कामा नये, असा नियम आहे. आपल्याकडे गिऱ्हाईक डिझाइन विचारतं, भाव करतं. दागिन्यात निकेल आहे का, हेही दुकानदाराला खडसावून विचारायला हवं.

शेवटचं काम यंत्राला सहज जमत नाही. काचेचे बारीक खडे चिमट्यानं उचलून, गोंदाच्या थेंबावर अचूक बसवायचे. हे काम बऱ्याचदा वस्तीतल्या घरांमध्ये जातं, स्वयंपाकपाणी उरकून बसलेल्या बायकांकडे. खडा तिरका बसला तर नग परत येतो. गोंदाचा वास घरभर, आणि मान तासन्‌तास खाली. मजुरी मोजली जाते ती तासावर नाही, नगावर. दुकानातल्या त्या झगमगाटात या हातांचा बराच वेळ गेलेला असतो.