दिवसाला ४० ते ७०

[दृश्य: होम स्क्रीन जवळून. लोकलच्या विजेटवर मिनिटं उतरताहेत.]

विजेट म्हणजे होम स्क्रीनवरची ॲपची छोटी चौकट. या चौकटीत पुढची गाडी, फलाट, उरलेली मिनिटं. आत्ता यामागचं ॲप बंद आहे. दिसतंय ते आधीच तयार करून ठेवलेलं, आणि ते कधी बदलायचं हे फोन ठरवतो.

[दृश्य: एक्सकोड, आयफोनची ॲप बनवायचं साधन. टाइमलाइनचा कोड.]

आयफोनवर २०२० सालच्या आयओएस १४ पासून हीच पद्धत आहे. विजेट सिस्टिमला टाइमलाइन देतं: ८:०५ ला हे दाखव, ८:१० ला ते. सतत नजरेखाली असलेल्या विजेटला नवी टाइमलाइन द्यायची संधी दिवसाला साधारण ४० ते ७० वेळा मिळते. लोकलचं वेळापत्रक तर आधीच ठरलेलं. मग एका खेपेत काही तासांच्या नोंदी भरा. दोन नोंदींत किमान पाचेक मिनिटं ठेवा. गर्दीच्या वेळी गाड्या त्याहून जवळजवळ येतात, म्हणून प्रत्येक नोंदीत पुढच्या तीन गाड्या दाखवा. उतरत्या मिनिटांवर मात्र एकही नोंद खर्चू नका. मजकुराला टायमरची शैली दिली की आकडे सिस्टिमच हलवते, ४० ते ७० वेळांचा कोटा शाबूत राहतो.

कोटा उडतो तो एकेकच नोंद देऊन ‘संपली की लगेच पुन्हा विचार’ असं सांगितल्यावर. दुपारनंतर विजेट गोठतं. बनवणाऱ्याला हे कळतच नाही, कारण एक्सकोडमधून चाचणी चालू असताना ही मर्यादा लागू नसते. केबल काढा, फोन दिवसभर वापरा, मग तपासा.

[दृश्य: अँड्रॉइड स्टुडिओ, अँड्रॉइडची ॲप बनवायचं साधन.]

अँड्रॉइडवर विजेटच्या एक्सएमएलमध्ये, म्हणजे त्याच्या सेटिंग्जच्या फाइलमध्ये, अपडेटचा कालावधी कितीही कमी लिहा, ३० मिनिटांच्या आत काही होत नाही. वर दर खेपेला झोपलेला फोन जागा होतो, बॅटरी जाते. तिथे शून्य लिहा आणि काम वर्कमॅनेजरला, म्हणजे मागे चालणारी कामं लावून देणाऱ्या अँड्रॉइडच्या लायब्ररीला, द्या. त्याचाही किमान अवधी १५ मिनिटं, फोन डोझमध्ये, म्हणजे बॅटरी वाचवणाऱ्या झोपेत, असेल तर आणखी उशीर. मिनिटं आपोआप मोजायला इथे क्रोनोमीटर हा तयार घटक आहे.

चित्रांनाही मर्यादा आहे: सगळे बिटमॅप, म्हणजे पिक्सेलची चित्रं, मिळून पडदा दीड वेळा भरेल एवढीच मेमरी. १०८० बाय २४०० पिक्सेलवर ती होते सुमारे साडेपंधरा एमबी. कॅमेऱ्याचा मूळ फोटो तसाच टाकलात, तर एरर येऊन अपडेट अडतं. आधी लहान करा.

[दृश्य: फलाट. हातातल्या फोनवर जुनी वेळ.]

शिळ्या आकड्यावर विसंबणाऱ्याची गाडी जाते. एखादी लोकल रद्द झाली, तर भरून ठेवलेली नोंदही चुकते. म्हणून माहिती शेवटची कधी घेतली, ती वेळ विजेटच्या कोपऱ्यात छापा.