‘अ’ वर्ग, कायम जतन... पण कागद कोणता?

२०२३ ला न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली, कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि मराठवाड्यातल्या रेकॉर्ड रूममधले कितीतरी दिवस हात न लागलेले बस्ते सुटले. निजामाच्या काळचे उर्दू कागद, मोडीतले कागद, खासरा पत्रकं. एका नोंदीवर घरातल्या पोरांचं सर्टिफिकेट अडलेलं, मग एकेक पान किती मोलाचं असंल सांगा.

जुने बस्ते सोडले की एक गोष्ट बऱ्याचदा दिसते बघा. जुना हातकागद अजून मऊ असतो, घडी आरामात उलगडते, आणि त्याच्यापेक्षा कितीतरी नवा मिलचा कागद मात्र पिवळा पडून हात लावला की कडेनं तुटतो.

हातकागद चिंध्यांचा, आपल्या दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात पिढ्यान् पिढ्या बनत आलेला. मिलचा कागद लाकडाच्या लगद्याचा, आणि शाई फुटू नये म्हणून त्यात राळ नि तुरटी घालायचे, ही जर्मनीतली १८०७ ची युक्ती. तुरटीनं कागदात ॲसिड तयार होतं, ते आतले तंतू हळूहळू तोडत राहतं, आणि आपल्याकडचं ऊन, पावसाळ्यातली ओल, यानं ते अजूनच फास्ट होतं.

अमेरिकेनं यावर १२ ऑक्टोबर १९९० ला कायदाच केला. कायम मोलाचे सरकारी रेकॉर्ड नि प्रकाशनं ॲसिड-फ्री कागदावर काढायची, हे देशाचं धोरण ठरलं. १९९४ ला आयएसओ ९७०६ आलं, म्हणजे कायम टिकणाऱ्या कागदाचं आंतरराष्ट्रीय मानक, त्यात पीएच (ॲसिड-अल्कलीचं माप, ७ च्या खाली ॲसिड, वर अल्कली) ७.५ ते १० पाहिजे, शिवाय कागदात किमान २ टक्के कॅल्शियम कार्बोनेटइतका अल्कली साठा, म्हणजे हवेतनं येणारं ॲसिडपण तिथंच मारलं जातं.

आपल्याकडं १९९३ चा केंद्राचा सार्वजनिक अभिलेख कायदा आहे, महाराष्ट्राचा २००५ चा आहे, ऑफिसात फाईल ‘अ’ वर्गात गेली की कायम जतन. मग ती फाईल ज्या कागदावर लिहायची तो पण कायम टिकणाराच घ्या ना! आता बऱ्याच मिल अल्कलाइन कागद काढतात, काही अवघड नाही. तपासायचा पेन मिळतो, रेघ जांभळी राहिली तर ठीक, पिवळी पडली तर ॲसिड आहे. पेननं लिग्निन, म्हणजे कागद पिवळा पाडणारा लाकडातला घटक, कळत नाही, त्यामुळं रजिस्टरच्या टेंडरमधेच आयएसओ ९७०६ लिहायचं आणि माल उतरवून घ्यायच्या आधी मिलचं टेस्ट सर्टिफिकेट मागायचं.