भंगारात गेलेला नकाशा

मंडळी, सुरू करण्याआधी हा एक बोल्ट पहिल्या रांगेत देतो. हातात घ्या, नखाने आटे चाचपून बघा आणि मागे सरकवा. माझं बोलणं संपेपर्यंत तो शेवटच्या रांगेपर्यंत जाऊन परत यावा. जपून हाताळा, कारण असे अस्सल बोल्ट माझ्याकडे आता मोजके उरलेत.

पत्रिकेत विषय छापलाय तो ‘जुनी स्पोर्ट्स कार पुन्हा रस्त्यावर: पहिल्या पान्यापासून पहिल्या फेरीपर्यंत’. पहिली फेरी, वायरिंग, लाकूडकाम, कागदपत्रं हे सगळं सांगायचंय. पण या बोल्टावाचून मला सुरुवातच करता येत नाही.

गाडी १९५१ सालची एमजी टीडी. समोर बरेच जण या छंदातलेच दिसताहेत, तेव्हा ओळख थोडक्यात करतो. दोन माणसांची उघडी गाडी, आडवी पाडता येणारी पुढची काच, पाठीला पेट्रोलची चपटी टाकी आणि त्या टाकीवर स्टेपनी. १२५० सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, एसयू कंपनीचे दोन कार्बोरेटर, ताकद साधारण ५४ हॉर्सपॉवर. आजची घरगुती हॅचबॅकसुद्धा हिला सहज मागे टाकेल. पण जमिनीपासून वीतभर उंचीवर बसून घाटातलं वळण घेताना रस्ता थेट स्टिअरिंगमधून हाताशी बोलतो. ते सुख एकदा लागलं की सुटत नाही. १९४९ ते १९५३ या काळात इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यातून अशा २९,६६४ गाड्या बाहेर पडल्या आणि त्यातल्या बहुतेक अमेरिकेला गेल्या. आपल्याकडे आलेल्या थोड्या. त्यातली एक पाचगणीच्या एका बंगल्याच्या पडवीत सव्वीस वर्षं उभी होती. पाचगणीचा पाऊस तुम्हाला ठाऊक आहे. मी पहिल्यांदा गाडीचं दार उघडलं तेव्हा दार हातात आलं आणि बिजागरी लाकडाच्या भुशासकट खाली पडली.

आता बोल्टाकडे येतो. मी आयुष्यभर टूलरूममध्ये काम केलं. टॅप, डाय, गेज, म्हणजे आटे पाडायच्या आणि मापायच्या हत्यारांत वाढलेला माणूस. तेव्हा ही गाडी खोलताना पाने कुठले लागतील याचा मी नीट विचार केला होता. विलायती गाडी, म्हणजे व्हिटवर्थचे पाने. जोसेफ व्हिटवर्थने १८४१ मध्ये ५५ अंशाचा आटा सुचवला आणि इंग्रजी कारखानदारी शंभर वर्षं त्यावर चालली. चासीवर, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी चौकटीवर, तो हिशोब तंतोतंत लागू पडला. तिथे सगळे बीएसएफ, म्हणजे त्याच घराण्यातले बारीक आटे. पाना बसतो, नट फिरतो, आनंद.

मग इंजिनाकडे वळलो. तोच पाना, तसाच बसला. बोल्टाचं डोकं अगदी व्हिटवर्थच्या मापाचं, ०.५२५ इंच. तुमचा १३ चा पाना त्यावर चढणार नाही आणि १४ चा लावलात तर कोपरे खाईल. बोल्ट बाहेर काढला, दांड्याची जाडी मोजायला सवयीने व्हर्नियर लावला. ७.९ मिलिमीटर आणि वर काही. ५/१६ इंच म्हणजे ७.९४, म्हटलं बरोबर आहे. तरी खात्रीसाठी पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, तपासायला इंचाला २२ आट्यांचं गेज लावलं, तर ते बसेना. आटे मोजले, पुन्हा मोजले. शेवटी मेट्रिक गेजचं १.० चं पान लावलं आणि ते मऊ आवाज करत जाऊन बसलं. मंडळी, अंगावर काटा आला! इंग्रजी गाडीच्या इंजिनात, इंग्रजी डोक्याखाली, आठ मिलिमीटर व्यासाचा एक मिलिमीटर पिचचा मेट्रिक आटा!

याचं कारण मला फार आवडतं, म्हणून ते सविस्तर सांगणार आहे. अध्यक्ष महाराज, घड्याळ मी बघतोय.

बेंजामिन हॉचकिस नावाचा एक अमेरिकन बंदूककार फ्रान्सला गेला आणि तिथे त्याने तोफा-बंदुकांचा कारखाना काढला. तो वारला १८८५ मध्ये, पण त्याच्या नावाची कंपनी पुढे मोटारीही बनवू लागली. पहिल्या महायुद्धात या फ्रेंच कंपनीने मशिनगनसाठी इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीला कारखाना उभारला. यंत्रं, टॅप, डाय, गेज, सगळं फ्रेंच मापाचं. युद्ध संपलं, मशिनगन कुणाला नकोत. तिकडे ऑक्सफर्डच्या विल्यम मॉरिसला त्याच्या मोटारींसाठी इंजिनं हवी होती. हॉचकिसने ती बनवून द्यायला घेतली आणि १९२३ मध्ये मॉरिसने अख्खा कारखानाच विकत घेतला. यंत्रं तीच राहिली, म्हणून आटेही तेच राहिले. मात्र ही गाडी गावोगावच्या ज्या मिस्त्रीकडे जाणार, त्याच्या पेटीत पाने व्हिटवर्थचे. त्याचं काम अडू नये म्हणून बोल्टाचं डोकं इंग्रजी ठेवलं आणि दांडा फ्रेंच. त्याच कॉव्हेंट्रीच्या इंजिनांच्या घराण्यातलं आमच्या टीडीचं इंजिन. एका युद्धातल्या मशिनगनचा आटा दुसरं युद्ध संपल्यावर बनलेल्या स्पोर्ट्स कारमध्ये उतरला, तो असा. टर्नर-फिटर मंडळींना यातली गंमत लगेच कळेल. कारखान्याच्या भिंती विकत घेता येतात, पण गेजच्या कपाटात जे माप असेल तेच पुढची तीस वर्षं राज्य करतं.

आणि या गमतीच्या पोटातच खरा घात आहे. ५/१६ बीएसएफचा चासीचा बोल्ट आणि ८ मिमीचा इंजिनाचा बोल्ट. डोकं एकच, पाना एकच, जाडीत फरक सहा शतांश मिलिमीटरचा. शेजारी शेजारी ठेवले तर डोळ्याला कळत नाही. पण एकाचं पिच १.१५ आणि दुसऱ्याचं १.०. चासीचा बोल्ट इंजिनाच्या भोकात दोन फेरे राजीखुशीने जातो आणि मग अडतो. अडला की जोर लावणारा माणूस आटे खाऊन मोकळा होतो. आजचा बाजारातला आठचा बोल्ट १.२५ पिचचा. तोही तसाच.

हे मला कसं कळलं? माझ्या दारातून गाडी गेली आणि परत आली, तेव्हा कळलं. मी नोकरीत होतो तेव्हाची गोष्ट. वेळ नव्हता, म्हणून अर्धी खोललेली गाडी मी एका गॅरेजकडे दिली. मी काढलेले भाग पाकिटांत घालून, प्रत्येकावर चिठ्ठी लावून, दोन गोण्या सोबत दिल्या होत्या. एका गोणीत नट, बोल्ट, कंस, पट्ट्या. दुसरीत बॉडीच्या सांगाड्याचं कुजलेलं लाकूड, तुकडा न् तुकडा. चौदा महिन्यांनी गाडी परत आली. लाल रंग असा की त्यात तोंड बघावं. मी आधी गोण्या विचारल्या. उत्तर मिळालं, ‘साहेब, तो सगळा कचरा होता. भंगारवाल्याला दिला. तुम्हाला सगळं नवीन टाकून दिलंय.’

मंडळी, या गोष्टीला बारा वर्षं झाली. अजून ते वाक्य आठवलं की माझा घास अडतो. त्या माणसाचा हेतू वाईट नव्हता, तो मनापासून खूश होता. पण त्या गोण्यांत माझ्या गाडीचा नकाशा होता. त्याने स्वतः काढलेले सगळे बोल्ट एका बादलीत धुतले, उरलेले बाजारातून आणले आणि जिथे जो शिरला तिथे तो दाबला. इंजिनाच्या ब्लॉकवरच्या सात भोकांचे आटे गेले. ओतीव लोखंडातले आटे एकदा गेले की गेले. त्यातल्या प्रत्येक भोकात आमच्या मिस्त्रींनी बारा मिलिमीटरची बुश, म्हणजे छोटी पोकळ नळी, बसवली, तिला आतून ८ × १.० चा आटा पाडला, आणि या कामाला मला एक अख्खा पावसाळा लागला. बोल्ट लेथवर करून घेतले. त्या मापाची षटकोनी सळी मिळत नाही. चौदाची घेऊन प्रत्येक बाजूने एक तृतीयांश मिलिमीटर काढायचा, तेव्हा ते ०.५२५ चं डोकं मिळतं. तुमच्या हातात फिरतोय तो मात्र कॉव्हेंट्रीचाच. तो वाचला, कारण नमुना म्हणून माझ्या टेबलाच्या खणात राहिला होता. पुढचे सगळे बोल्ट त्याच्यावरून झाले.

लाकडाचं दुःख याहून मोठं. या गाडीची बॉडी म्हणजे ॲशच्या लाकडाचा सांगाडा आणि त्यावर ठोकलेला पत्रा. ॲश म्हणजे क्रिकेटचे स्टंप ज्याचे बनतात ते लाकूड. चिवट, मार खाऊन न फुटणारं. रस्त्यावर गाडी पिळवटते तेव्हा हा सांगाडा तिच्याबरोबर थोडा वाकतो आणि परत येतो. कुजलेलं का असेना, पण त्या गोणीतल्या प्रत्येक तुकड्यावर स्क्रूची भोकं होती, खाचा होत्या, कुठला तुकडा कुठल्या कोनात बसतो ते होतं. अर्धा कुजलेला खांबही उरलेल्या अर्ध्याचं माप सांगतो. नवीन सांगाडा अंदाजाने केलेला होता, त्यामुळे डावं दार उजव्याहून सव्वा सेंटिमीटर खाली. चकचकीत लाल दार, आणि ते लागायचं नाही. शेवटी ओळखीच्या एकांच्या टीडीचं मी तीन रविवार बसून माप घेतलं. कागदी साचे कापले, पुठ्ठ्याचे केले, मग प्लायचे केले. आमचे सुतारकाका सत्तरीतले. त्यांनी साच्यावर हात फिरवला आणि म्हणाले, ‘हे बैलगाडीच्या जुवासारखं आहे, याला ताण येणार, याचे रेषे लांबीनं धरले पाहिजेत.’ गॅरेजने रेषे आडवे धरले होते. काकांनी सागवान वापरलं. सागात तेल असतं, सरस धरत नाही, म्हणून जोडण्याआधी सांधा ॲसिटोनने पुसायचा, हेही त्यांनीच शिकवलं. ॲश मिळालं असतं तर मी तेच घेतलं असतं. पण रेष्यांची दिशा चुकलेल्या ॲशपेक्षा नीट धरलेला साग बरा.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली आहे. दहा मिनिटं. म्हणजे जो विषय छापलाय तो आता दहा मिनिटांत. ठीक आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे. काढलेला भाग गंजलेला असो, तुटलेला असो, कुजलेला असो, गाडी रस्त्यावर एक वर्ष चालेपर्यंत टाकायचा नाही. तो भाग म्हणून निकामी झाला, पण माप म्हणून पूर्ण शाबूत असतो. गाडी दुसऱ्याकडे देणार असाल तर हे लेखी घ्या. हे एक केलंत तर पुढचं सगळं दुरुस्त होण्याजोगं राहतं.

खोलण्याआधी फोटो. खोलताना पाकीट, पाकिटावर क्रमांक, वहीत तोच क्रमांक. इंजिन आणि चासी यांचे बोल्ट एका खोलीतसुद्धा ठेवू नका. प्रत्येक बोल्ट आधी बोटांनी फिरवा. बोटांनी चार फेरे गेला नाही तर पाना लावू नका.

वायरिंग: या गाडीत बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला अर्थ केलेलं असतं, आजच्या उलट. सवयीने निगेटिव्ह लावलंत आणि बाकी काहीच बदललं नाहीत, तर डायनॅमो बॅटरीच्या उलट दिशेने वीज ढकलायला लागेल. सत्तर वर्षांची कापडी वायर पुन्हा वापरू नका, पण तिचा रंग आणि लांबी वहीत उतरवून घ्या. एसयूचा पेट्रोलपंप चावी फिरवल्यावर टकटक करतो आणि कार्बोरेटर भरले की थांबतो. थांबला नाही, तर पेट्रोल कुठेतरी गळतंय किंवा पंप हवा ओढतोय. चावी बंद करून आधी ते शोधा.

पहिली सुरुवात: याच्या ऑइल पंपाला, कोरडा पडला की, आपणहून ऑइल ओढायला जमत नाही. इंजिन बांधून झाल्यावर पंपात हाताने ऑइल भरल्याशिवाय सेल्फ मारू नका. आम्ही प्लग काढून, इंजिन फिरवत राहून, काट्याने ऑइलचं प्रेशर दाखवल्यावरच प्लग बसवले. इंजिनाच्या मागच्या बाजूने थोडं ऑइल गळेल. तिथे आजच्यासारखं रबरी सील नाही, ऑइल आत परतवणारे आटे कापलेले आहेत. खाली ट्रे ठेवा.

ब्रेक: चारही चाकांना हायड्रॉलिक ड्रम. इंजिनाआधी ब्रेक करा. कितीही मोह झाला तरी क्रम बदलू नका.

कागदपत्रं: २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी होते, क्रमांकात ‘व्हीए’ अक्षरं येतात. नव्या नोंदणीचे २०,००० रुपये, पुनर्नोंदणीचे ५,०००. रोजच्या वापराला किंवा धंद्याला परवानगी नाही. गाडी मुळापासून बदललेली नसावी, ही अट त्यात आहे, आणि तिथेही तुमची वही आणि जुने भाग कामी येतात.

रंगाबद्दल बोलायचं राहिलं. डॅशबोर्डमागे पत्र्याच्या घडीत मला हाताच्या तळव्याएवढा जुना हस्तिदंती रंग सापडला. तो मी तसाच ठेवलाय, वर लाल असला तरी. पुढच्या वर्षी लाल उतरवणार आहे. त्या हस्तिदंती रंगाचा नमुना बाहेर टेबलावर आहे, चहाच्या वेळी बघा.

प्रश्न चहाच्या वेळीच घेऊ. तो बोल्ट कुठवर आला? चौथ्या रांगेत? इकडे द्या, थँक्यू. पाकीट क्रमांक अकरा. हे बघा, वहीत याच्या नावावर रेघ आहे, मी आत्ता ठेवला की टिक करतो.