सुरुवातीचे चार गुण

नमस्कार श्रोतेहो. अमेरिकेतलं कॉलेज फुटबॉल, म्हणजे हातात चेंडू घेऊन पळायचं ते अमेरिकन फुटबॉल, म्हटलं की आमच्या घरात एकच संघ, साउथ बेंडच्या नोटर डेम विद्यापीठाचा. 2025 च्या हंगामात आमच्या या संघाने पहिले दोन्ही सामने घालवले. मायामीशी 27-24, टेक्सास ए अँड एमशी 41-40. एक हार तीन गुणांनी, दुसरी एका गुणाने. दोन्ही मिळून चार. हे चार गुण लक्षात ठेवा, मला पुढे लागणार आहेत.

पण हंगामाच्या सुरुवातीच्या खेळावरून संघ जोखायचा, तर मला आधी 2024 आठवतं. टेक्सास ए अँड एमला त्यांच्याच मैदानावर 23-13 ने हरवून आलेला, देशात पाचव्या क्रमांकाचा संघ. आणि 7 सप्टेंबरला घरी पाहुणे कोण? नॉर्दर्न इलिनॉय! शिकागोपासून जवळच, डीकाल्बचं विद्यापीठ.

सासूबाई सांगलीहून आल्या होत्या, त्यांनाही घेऊन गेलो. 77 हजारांचं स्टेडियम, उन्हात चमकणारी सोनेरी हेल्मेटं. मी ऐटीत सांगितलं, "आई, या पाहुण्यांना 14 लाख डॉलर देऊन बोलावलंय." मोठे संघ असंच करतात, भरघोस दक्षिणा द्यायची आणि विजय पदरात पाडून घ्यायचा. सासूबाई म्हणाल्या, "आणि तुम्ही हरलात तर पैसे परत मिळतात का?" मी हसलो.

थोड्याच वेळात पाहुण्यांनी 83 यार्डांचा टचडाऊन केला, म्हणजे चेंडू थेट आमच्या टोकाच्या पट्ट्यात नेऊन सहा गुण घेतले. सासूबाईंनी कडकडून टाळ्या वाजवल्या.

"आई, ते आपले नव्हेत."

"असू दे. पळाला की नाही झकास?"

मध्येमध्ये तो लाल टोपीवाला मैदानात येऊन उभा राहायचा. तो उभा म्हणजे टीव्हीवर जाहिराती चालू, खेळ बंद. रंगात आलेला खेळ असा थांबवणाऱ्यांना एकदा सप्टेंबरच्या उन्हात, पत्र्याच्या बाकावर बसवायला हवं. असो.

आमचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून डाव चालवणारा, रायली लेनर्डने दोनदा चेंडू थेट पाहुण्यांच्या हातात दिला. आमची आघाडी जेमतेम एका गुणाची, 14-13. आणि 31 सेकंद उरलेले असताना पाहुण्यांची 35 यार्डांवरून तीन गुणांची किक. अचूक. फक्त 31 सेकंद! 16-14. आमची शेवटची किक 62 यार्डांवरून, तीही त्यांनी हाताने अडवली. त्यांचे प्रशिक्षक थॉमस हॅमॉक मुलाखत देताना ढसाढसा रडले. पार्किंगमध्ये दशमीचा डबा उघडत सासूबाई मला म्हणाल्या, "पैसे वसूल झाले हो. त्यांचे."

पण पुढच्याच शनिवारी याच संघाने पर्ड्यूला 66-7 असं झोडपलं आणि जानेवारीत थेट राष्ट्रीय अजिंक्यपदाचा अंतिम सामना गाठला. तिथे ओहायो स्टेटकडून हरलो, पण सप्टेंबर माफ झाला होता.

2025 मध्ये मात्र ती सुरुवात माफ झाली नाही. खरं सांगू? खेळ तितका वाईट नव्हता. आमचा नवा क्वार्टरबॅक सी. जे. कार याने मायामीत पहिल्याच सामन्यात धीर सोडला नाही. पण जेरेमाया लव्हसारखा पळणारा हाताशी असताना त्या दिवशी आमचे प्रशिक्षक त्याच्याकडे चेंडू द्यायलाच तयार नव्हते. दुसऱ्या सामन्यात घरच्या मैदानावर 41 गुण दिले. बचावफळी समोरच्या क्वार्टरबॅकपर्यंत पोहोचतच नव्हती, मग तो निवांत फेकणारच. शेवटी 40-34 असे पुढे आलो आणि टचडाऊननंतरची साधी किक, तिच्यासाठी चेंडू धरणाऱ्याच्या हातून तो निसटला. तो एक गुण गेला. 13 सेकंद उरलेले असताना त्यांनी टचडाऊन केला, किकही मारली. 41-40.

त्यानंतर ओळीने दहा सामने जिंकले. दहाच्या दहा. तरी अजिंक्यपदाच्या फेरीसाठी निवड समितीने जाहीर केलेल्या 12 संघांत नाव नाही. मायामीचेही दहा विजय आणि दोन पराभव, पण त्यांनी आम्हाला समोरासमोर हरवलेलं, म्हणून जागा त्यांना. ते चार गुण डिसेंबरमध्ये असे भोवले. यात अन्याय झाला असं मला वाटत नाही. संघाने मात्र रुसून बोल सामनाच, म्हणजे हंगामानंतरचा निमंत्रणाचा सामना, नाकारला, ते काही मला पटलं नाही. पोरांना आणखी एक शनिवार खेळू द्यायचा होता.