पिलाटेस शिकायचं ठरवलंय, पण कुणाकडे?

नमस्कार. ऑक्टोबर २००० मध्ये न्यूयॉर्कच्या एका फेडरल न्यायालयाने निकाल दिला, की 'पिलाटेस' या नावावर कुणा एकाची मालकी नाही. योग किंवा कराटे म्हणतो तसंच ते एका व्यायामपद्धतीचं नाव आहे. तोवर या नावाच्या ट्रेडमार्कवर हक्क सांगितला जात होता आणि ते वापरणाऱ्या इतर शिक्षकांना नोटिसा जात होत्या. निकालानंतर शिक्षक मोकळे झाले आणि पिलाटेस जगभर पोचलं. हे चांगलंच झालं असं मी मानते. पण त्याचा दुसरा अर्थ असा, की आज कुणीही दारावर पिलाटेसची पाटी लावू शकतं. आपल्याकडे त्यासाठी सरकारी परवाना लागत नाही. दोन वर्षं मन लावून शिकलेल्या शिक्षिकेची पाटी आणि शनिवार-रविवारचा कोर्स करून आलेल्याची पाटी, दोन्ही बाहेरून सारख्याच दिसतात. म्हणून पारख तुम्हालाच करावी लागते.

ही पद्धत ज्यांनी घडवली, ते जोसेफ पिलाटेस १८८३ मध्ये जर्मनीत जन्मले. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी त्यांना शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून आइल ऑफ मॅनच्या छावणीत ठेवलं होतं. १९२६ मध्ये ते न्यूयॉर्कला गेले आणि जोडीदार क्लारा यांच्यासोबत त्यांनी आठव्या अव्हेन्यूवर स्टुडिओ काढला. जॉर्ज बॅलन्शाइन, मार्था ग्रॅहम अशी नृत्यक्षेत्रातली मोठी माणसं तिथे येत. त्या स्टुडिओची एक गोष्ट आजच्या विषयाला फार महत्त्वाची आहे. तिथे एकाच खोलीत अनेक जण असत, पण प्रत्येकाचा व्यायाम वेगळा असे. समोरच्या माणसाचं शरीर बघायचं आणि मग काय द्यायचं ते ठरवायचं. आरशासमोर दहा-बारा रिफॉर्मर, म्हणजे स्प्रिंगांना जोडलेला सरकता पाटा असलेली साधनं, लावून संगीताच्या ठेक्यावर सगळ्यांनी एकच हालचाल करायची, हा प्रकार बराच नंतरचा आहे. घाम चांगला येतो, मजाही येते, तरुण आणि धडधाकट माणसाने जरूर जावं. पण इथे बसलेल्यांपैकी बहुतेकांचं वय चाळिशीच्या पुढे आहे, म्हणून मी जरा थांबून बोलते.

रजोनिवृत्तीनंतर बाईची हाडं वेगाने ठिसूळ होऊ लागतात. गुडघे दुखले की आपण बोलतो, पण हाडं दुखत नाहीत म्हणून त्यांचा विषयच निघत नाही. आता पिलाटेसमधले प्रसिद्ध व्यायाम आठवा. रोल-अपमध्ये आडवं पडून एकेक मणका उचलत उठायचं आणि पुढे वाकायचं. 'रोलिंग लाइक अ बॉल'मध्ये पाठीची गोल कमान करून मागेपुढे लोळायचं. 'हंड्रेड'मध्ये डोकं-खांदे उचलून शंभर वेळा हात हलवायचे. तिन्हींमध्ये पाठीचा कणा पुढे वाकलेला असतो आणि त्यावर भार येतो. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी १९८४ मध्ये मणक्यांचा ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार, असलेल्या ५९ स्त्रियांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. पाठ मागे ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांपैकी १६ टक्के स्त्रियांच्या मणक्यांत नव्याने फ्रॅक्चर दिसले. पुढे वाकण्याचे व्यायाम करणाऱ्यांत हे प्रमाण ८९ टक्के होतं. अभ्यास लहान होता, मान्य. तरीही अशा रुग्णांना कंबरेतून वाकून भार घ्यायला लावताना आम्ही फिजिओथेरपिस्ट दहा वेळा विचार करतो, त्याचं एक मोठं कारण हेच आकडे आहेत.

म्हणून फी भरण्याआधी एक प्रश्न विचारा: "माझ्या आईला ऑस्टिओपोरोसिस आहे. ती आली, तर तिला काय करू देणार नाही, आणि त्याऐवजी काय द्याल?" उत्तर नीट ऐका. "काही होत नाही, हळूहळू सवय होईल," असं कुणी म्हणालं तर तिथून निघा, स्टुडिओ कितीही चकाचक असो. ज्याला विषय कळतो तो आधी विचारेल की हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी कधी केली, पूर्वी कुठे हाड मोडलंय का, उंची कमी झाली आहे का. मग सांगेल, की रोल-अप आणि लोळणं बंद, पाठ सरळ ठेवून पोटाचं काम करू, पालथं झोपून पाठीचे स्नायू बळकट करू. गरोदर बाईबद्दल, बाळंतपणानंतर पोटाच्या स्नायूंमध्ये राहिलेल्या फटीबद्दल, मणक्यांमधली गादी सरकलेल्या माणसाबद्दलही हाच प्रश्न विचारता येतो.

प्रमाणपत्र बघावं का? बघावं. पण ते जमिनीवर मॅट टाकून करायच्या व्यायामांपुरतं आहे की सगळ्या साधनांचं, आणि किती तासांचं, हे विचारावं. अमेरिकेतल्या नॅशनल पिलाटेस सर्टिफिकेशन प्रोग्रॅमच्या परीक्षेला बसायला साधारण ४५० तासांचं संपूर्ण प्रशिक्षण लागतं. त्यात स्वतःचा सराव, इतरांचं शिकवणं पाहणं आणि देखरेखीखाली शिकवणं, सगळं आलं. पोलस्टार, स्टॉट, बासी, बॅलन्स्ड बॉडी या शिक्षक तयार करणाऱ्या ओळखीच्या संस्था आहेत. मात्र कागद चांगला असूनही नजर कच्ची असू शकते, म्हणून एक क्लास नुसता बसून पाहायची परवानगी मागा.

बसलात की शिक्षिकेच्या पायांकडे बघा. ती फिरते का? क्लासभर आरशासमोर स्वतःच व्यायाम करत असेल, तर तो तिचा व्यायाम झाला. मागच्या रांगेतल्या बाईची मान ताणली गेली हे तिला दिसणार कसं? हात लावण्याआधी विचारते का? एखादीला जमलं नाही तर "अजून जोर लावा" म्हणते, की गुडघे वाकवायला सांगते, डोक्याखाली उशी देते, स्प्रिंग बदलते? स्प्रिंगवरून शिक्षकाची समज फार चटकन कळते. अनेकांना वाटतं, कमी स्प्रिंग म्हणजे सोपं. पायाने ढकलायच्या व्यायामात ते खरंच आहे. पण रिफॉर्मरवर प्लँकसारखी स्थिती धरताना स्प्रिंग हलकी केली की पाटा सरकायला लागतो, आणि तो आवरायला पोटाला जास्त कष्ट पडतात. हे जिला दोन वाक्यांत समजावून सांगता येतं, तिच्याकडे शिकायला हरकत नाही. बॅचमध्ये पाच-सहापेक्षा जास्त माणसं असतील, तर नवख्याने आधी काही सत्रं एकट्याने घ्यावीत, असं माझं मत आहे.

साधनांचं थोडक्यात सांगते. स्प्रिंग साधारण दोन वर्षांनी बदलाव्या लागतात. शेवटच्या कधी बदलल्या ते बिनदिक्कत विचारा. मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत गंज लवकर धरतो. हुक, दोरे, पट्टे डोळ्यांनी पाहा. मोठं पॅकेज लगेच घेऊ नका. एक-दोन सत्रांचे पैसे भरा.

कंबरदुखीसाठी येणाऱ्यांना एक सांगायलाच हवं. कॉक्रेन ही संस्था वैद्यकीय चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासते. तिच्या २०१५ च्या आढाव्यात दीर्घकाळच्या कंबरदुखीवरच्या दहा चाचण्या एकत्र पाहिल्या गेल्या. फारसं काही न करण्यापेक्षा पिलाटेस बरं, असं दिसलं. इतर व्यायामांपेक्षा सरस असल्याचा ठाम पुरावा मिळाला नाही. तेव्हा "गादी जागेवर बसवून देतो" असं सांगणाऱ्याकडे जाऊ नका. पाय बधिर होतोय म्हटल्यावर जी व्यायाम थांबवते आणि "आधी डॉक्टरांना दाखवून या" म्हणते, तिने त्या दिवशीची फी गमावली तरी तुमची पाठ सांभाळली.

ज्यांच्या गावात स्टुडिओच नाही, ते ऑनलाइन शिकतात. तिथेही शिक्षक तुम्हाला बघतोय का, एवढंच तपासा. रेकॉर्ड केलेला व्हिडिओ तुम्हाला बघू शकत नाही, त्यामुळे कुठलीही जुनी दुखापत असेल तर थेट, एकेकट्याचं सत्र घ्या. मोबाइल समोर न ठेवता बाजूला, जमिनीपासून हातभर उंचीवर ठेवा. पाठ कुठे वाकते ते बाजूनेच दिसतं. पहिल्या दिवशी चांगला शिक्षक स्वतःच तुम्हाला फोन सरकवायला सांगेल.

आता तुमचे प्रश्न घेऊ. ज्यांच्याजवळ डेक्साचे रिपोर्ट आहेत, त्यांनी आधी या.