बाटलीतलं निम्मं आतच राहतं

मंडळी, गाडीचं इंजिन थंड ठेवणारं कूलंट ज्या मार्गाने फिरतं, तो आतून धुवायला जे द्रावण मिळतं, त्याबद्दल मला नेहमी एकच प्रश्न येतो: घालू का? माझा उलट प्रश्न असतो: घालाल, पण काढाल कसं? ओतायला मिनिटही लागत नाही. खरं काम त्यानंतर सुरू होतं.

आधी आत काय साचलंय ते पाहू. इंजिन थंडगार असताना रेडिएटरचं झाकण काढा आणि तोंडाच्या आतल्या कडेवरून बोट फिरवा. बोटाला तांबूस चिखल लागला तर तो गंज. पांढरट, खरखरीत थर लागला तर ते क्षार. कुणीतरी वर्षानुवर्षं नळाचं पाणी ओतत आलंय. आणि दुधाळ, साईसारखं काही आलं, तर बाटली तशीच खाली ठेवा. पाण्यात तेल मिसळतंय, म्हणजे हेड गॅस्केट (इंजिनमधलं तेल-पाणी वेगळं ठेवणारी पातळ चकती) किंवा ऑइल कूलर गेला असण्याची शक्यता आहे. तिथे सफाई म्हणजे गळक्या छपराखालची फरशी पुसणं.

'थंडगार' म्हणालो ते उगाच नाही. झाकण साधारण 1 बार जादा दाब धरून ठेवतं आणि त्या दाबाखाली पाणी 120 अंशांच्या आसपास उकळतं. आत 105 अंशांचं पाणी असताना झाकण फिरवलंत, तर दाब सुटतो आणि ते पाणी जागच्या जागी उकळून तोंडावर येतं.

क्षारांचा थर पातळ असला तरी तो उष्णता अडवतो. ॲल्युमिनियम त्याच्या साधारण शंभरपट सहज उष्णता वाहून नेतं. हा थर विरघळवायला सायट्रिक किंवा ऑक्झॅलिक आम्ल लागतं, तेलकटपणाला साबणासारखं अल्कधर्मी द्रावण. बाटलीवर यातलं काय लिहिलंय आणि ॲल्युमिनियमला चालतं का, हे वाचून घ्या. आम्लाला क्षार आणि धातू यांतला फरक फारसा कळत नाही, म्हणून दिलेल्या वेळेपेक्षा जास्त ठेवायचं नाही. 'आणखी अर्धा तास राहू दे, जास्त साफ होईल' हा विचार भांडी घासताना ठीक आहे.

पद्धत सरळ आहे. जुनं कूलंट काढा, साधं पाणी आणि द्रावण भरा, हीटर पूर्ण गरमवर ठेवा. काही गाड्यांत त्याशिवाय हीटरकडचा वॉल्व्ह उघडतच नाही. इंजिन चालू करून रेडिएटरचा वरचा होज (जाड रबरी नळी) हाताला गरम लागेपर्यंत थांबा. थर्मोस्टॅट, म्हणजे गरम झाल्यावर रेडिएटरची वाट मोकळी करणारा वॉल्व्ह, साधारण 82 ते 90 अंशांना उघडतो. तोवर द्रावण रेडिएटरमधून फिरतच नाही. म्हणून लेबलवरची मिनिटं तिथून मोजायची.

आता काढणं. खालचा नळ उघडला की सगळं गेलं, असं वाटतं. पण इंजिनच्या ब्लॉकमध्ये आणि हीटरमध्ये बरंच अडकून राहतं. समजा, एकूण 6 लिटर मावतं आणि नळातून 3 लिटरच आलं. म्हणजे निम्मं द्रावण आत. पाणी भरा, इंजिन गरम करा, थंड होऊ द्या, काढा: पाव राहिलं. पुन्हा केलं तर एक अष्टमांश. अशा पाच खेपांनंतर चौसष्टावा भाग उरतो. बहुतेक जण दुसऱ्या खेपेला कंटाळतात. उरलेलं आम्ल मग नव्या कूलंटमधली गंजरोधक द्रव्यं खाऊन टाकतं आणि दोष कूलंटच्या माथी येतो.

हाच हिशेब भरताना उलटा चालतो. आत 3 लिटर साधं पाणी अडकलेलं असताना निम्मं पाणी आधीच मिसळलेलं तयार कूलंट 3 लिटर ओतलंत, तर मिश्रण होतं जेमतेम 25 टक्के. म्हणून शेवटची खेप डिस्टिल्ड वॉटरची करायची आणि त्यावर 3 लिटर निव्वळ कूलंट भरायचं. रंग जुळला म्हणजे कूलंट जुळलं, असं मात्र नाही. रंग ज्याचा त्याचा, मॅन्युअल पाहा.

एकदा जुनी गाडी मी अशीच चकाचक धुतली. दुसऱ्या दिवशी सकाळी खाली हिरवं थारोळं! रेडिएटरला बारीक छिद्र होतं, ते त्या गंजानेच बुजवून ठेवलं होतं. मालकाचा राग माझ्यावर निघाला, निघायचाच. छिद्र माझं नव्हतं, पण सांगायला हवं होतं मी. तेव्हापासून काम हातात घेण्याआधीच सांगतो: हे धुतल्यावर गळू शकतं.

काढलेलं पाणी उघड्यावर ओतू नका. कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल गोड लागतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि थोड्याशानेही मरतात. झाकणाच्या कॅनमध्ये भरा, वर चिठ्ठी चिकटवा. भरल्यानंतरही आत हवा अडकलेली असते, त्यामुळे पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत टाकीतली पातळी उतरते. गाडी थंड असताना बघून खुणेपर्यंत भरत राहा. चौथ्या वेळीही उतरली, तर मग गळती शोधायला वाका.