फाटलेल्या स्पीकरला पतंगाचा कागद

श्रोतेहो, नमस्कार. चतुर्थी जवळ आली की कोकणात घरोघरी माळ्यावरचं सामान खाली उतरतं. समया, झांजा, आरास आणि सोबत स्पीकरचा खोका. वायर जोडून भजन लावावं, तर आवाज येतो फर्र, फर्र. जाळी काढून बघितलं तर आतला कागदी कोन, म्हणजे आवाज काढणारा शंकूसारखा पडदा, फाटलेला. कधी उंदराने कुरतडलेला, कधी पावसाळाभर दमटपणाने मऊ पडून चिरलेला. लगेच कोणीतरी म्हणतं, "गेला स्पीकर." अहो, स्पीकर गेलेला नाही. कागद फाटलाय, आणि कागद चिकटवता येतो.

कुडाळकडच्या आमच्या गावातली गोष्ट सांगतो. भजनी मंडळाच्या स्पीकरला उंदराने बोटभर चीर पाडली होती. चतुर्थी तोंडावर आलेली. तालुक्याच्या दुकानात सांगितलं, नवा बसवा, माल सणानंतर येईल. बुवा हताश होऊन बसले. शेवटी आम्ही दोघे-तिघे तो स्पीकर घेऊन गेलो गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवतात तिथे. मूर्तिकार आबा म्हणजे मातीकागदाच्या कामातला पक्का हात.

शाळेत पाटांची रांग लागलेली, प्रत्येक पाटावर खडूने घराचं नाव. (बाजारातून तयार मूर्ती उचलून आणण्यापेक्षा आपला पाट देऊन शाडूची मूर्ती घडवून घ्यावी, असं माझं ठाम मत आहे. मुलांना महिनाभर शाळेत डोकावायला मिळतं, हे काय कमी आहे?) आबांनी हातातलं काम बाजूला ठेवलं, स्पीकर उजेडाकडे धरला आणि चीर नीट पाहून घेतली. मी कात्री पुढे केली, तर म्हणाले, "कागद कापूचो नाय, फाडूचो."

पतंगाच्या पांढऱ्या कागदावर त्यांनी ओल्या ब्रशने एक रेघ ओढली आणि त्या ओल्या रेघेवर कागद अलगद फाडला. कडेला बारीक तंतू सुटले. कापलेली कडा कोनावर उभी राहते, फाडलेली कडा कोनात मिसळून जाते. मग वाटीत फेविकॉल घेऊन त्यात थोडं पाणी घातलं, दुधासारखं पातळ होईपर्यंत. धोतराचे काठ रंगवायच्या बारीक ब्रशने आधी चिरेच्या दोन्ही कडा जुळवून ओलावल्या, मागच्या बाजूने तो कागदाचा तुकडा बसवला आणि वर पुन्हा एक हलका हात फिरवला. मी विचारलं, "आबानू, अजून एक थर देऊया?" ते म्हणाले, "नको. जाड झालो तर आवाज बसतलो."

मूर्ती सुकवायला लावलेल्या पिवळ्या बल्बपासून हातभर लांब तो स्पीकर रात्रभर ठेवला. दुसऱ्या संध्याकाळी बुवांनी माइकवर "जय जय राम कृष्ण हरी" म्हटलं आणि पखवाजाची थाप अशी स्वच्छ उमटली की अंगणात बसलेले सगळे वळून बघायला लागले.

तर श्रोतेहो, लक्षात ठेवा: पातळ कागद, पातळ फेविकॉल. पुन्हा सांगतो, पातळ कागद आणि पातळ फेविकॉल. कोन हलका असतो म्हणून तो भराभर हलतो. त्यावर वजन चढवलं की आवाज दबतो. झटपट चिकटणारे गोंद इथे नकोत, ते वाळून कडक होतात आणि चीर शेजारून पुढे सरकते. खळही नको, तिच्यावर झुरळं येतात.

चिकटवण्याआधी एक तपासणी करा. मधल्या टोपीच्या दोन्ही बाजूंना बोटं ठेवून कोन सरळ, अगदी हलका दाबा. आत खरखर लागली तर तारेचं वेटोळं चुंबकाला घासतंय, मग कागद लावून उपयोग नाही. मल्टिमीटर असेल तर तारा काढून स्पीकरच्या दोन टोकांमधला रोध मोजा. 8 ओहमचा चांगला स्पीकर साधारण 6 ते 7 दाखवतो. मीटर नसेल तर त्याच दोन टोकांना दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा, "टक्" असं वाजलं तर वेटोळं शाबूत आहे.

आणि स्क्रू काढताना स्क्रूड्रायव्हर घट्ट धरा. चुंबक तो खेचून घेतो आणि चांगल्या कोनाला भोक पाडतो. स्क्रूड्रायव्हर घट्ट धरा.

पावसाळी हवेत पूर्ण एक दिवस सुकू द्या. सुरुवातीला आवाज अर्ध्यावर ठेवा. खरं तर भजनाला तेवढाच पुरतो. भिंती हादरवणाऱ्या आवाजात पखवाजही ऐकू येत नाही आणि बुवांचे शब्दही. कोनाभोवतीची फोमची कडा बोट लावताच भुगा होत असेल, तर तिथे हा कागद चालणार नाही. ती कडा स्पीकरच्या मापाची नवी आणून रबराच्या गोंदाने बसवावी लागते.